जे जुळत नाही ते शोधा: तान्ह्या बाळांत आणि मुलांत गंभीर आजार वेगळ्या रूपात येतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बंधपत्रित सेवेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकत्याच रुजू झालेल्या एका डॉक्टरने विचारलंय: पुस्तकातला न्यूमोनिया, गॅस्ट्रो, मेंदूज्वर ओळखता येतो. पण अठरा दिवसांचं बाळ ‘फक्त दूध कमी पितंय’ म्हणून आणतात, किंवा सहा वर्षांची मुलगी ‘नुसतं पोट दुखतंय’ म्हणते. त्यातलं जीवघेणं कोणतं, हे हाताशी फारशा तपासण्या नसताना कसं ओळखायचं?

तान्ह्या बाळाकडे त्रास सांगायचे मार्ग मोजके असतात. दूध सोडणं, श्वास वाढणं किंवा मध्येच थांबणं, रंग उतरणं, मलूल होणं, उलटी, आकडी. बिघाड हृदयात असो, आतड्यात असो, अ‍ॅड्रिनल ग्रंथीत (मूत्रपिंडावरची संप्रेरकं बनवणारी ग्रंथी) असो की रक्तातल्या साखरेत, दिसतं ते यातलंच काहीतरी. म्हणून श्वास वाढला की फुप्फुस, उलटी झाली की पोट, आकडी आली की मेंदू, ही मोठ्या माणसांत बऱ्यापैकी चालणारी सवय इथे दगा देते. रोगाचं नाव शोधण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: समोर जे दिसतंय त्यात एकमेकांशी काय जुळत नाही? श्वास जोरात चालू आहे आणि छाती स्वच्छ आहे. अंग सुकलंय आणि लघवी भरपूर होतेय. उलट्या आहेत आणि जुलाब नाहीत. सलाईन दिलं आणि मूल आणखी बिघडलं. ताप उतरला आणि मूल जास्त गळालं. निदान बहुतेक वेळा या फटीतूनच सापडतं.

आधी ते अठरा दिवसांचं बाळ. पहिल्या महिन्यात जंतुसंसर्ग रक्तात पसरला तरी ताप येईलच असं नाही. उलट अंग गार पडणं जास्त वाईट. काखेतलं तापमान ३५.५ अंश सेल्सिअसच्या खाली किंवा ३७.५ च्या वर गेलं, तर दोन्ही धोक्याचे. ‘ताप आहे का?’ विचारलं की घरचे ‘नाही’ म्हणतात आणि ते खरंही असतं. त्याऐवजी विचारा: काल जसं ओढत होतं तसं आज ओढतंय का? रडण्याचा आवाज बारीक झालाय का? पाजायला उठवावं लागतंय का? मग आईला तुमच्यासमोर अंगावर घ्यायला सांगा आणि पाच मिनिटं तिथेच उभे राहा. अजिबात तोंड न उघडणारं बाळ, तोंडात घेऊन लगेच झोपून जाणारं बाळ आणि चार घोट ओढून धापा टाकणारं, कपाळावर घाम येणारं बाळ, ही तीन वेगळी बाळं आहेत. तिसऱ्याचं हृदय आधी तपासायचं.

श्वास मोजताना बाळ उघडं करा, शांत असू द्या, आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चाराने गुणू नका, कारण तान्ह्यांचा श्वास एका लयीत चालत नाही. ६० किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजा. दोन महिन्यांनंतर ही मर्यादा ५०, आणि एक ते पाच वर्षांत ४०. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच आरोग्यदूतांना अशा साध्या लक्षणांवरून नवजात बाळाचा जंतुदोष ओळखायला आणि घरीच जेंटामायसिन द्यायला शिकवलं. १९९९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटलेले होते. यंत्रं नव्हती, निरीक्षण मात्र नेमकं होतं.

अशा बाळाची साखर पहिल्या पाच मिनिटांत बघा. ४५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज २ मिलिलिटर प्रति किलो शिरेतून द्या आणि पुढे ठिबक चालू ठेवा. शीर सापडली नाही तर आईचं काढलेलं दूध नळीने द्या, पण वाट बघत बसू नका. अँपिसिलिन ५० मिलिग्रॅम प्रति किलो आणि जेंटामायसिन ५ मिलिग्रॅम प्रति किलो हा पहिला डोस पाठवण्याआधी द्या. पहिल्या आठवड्यातलं कमी वजनाचं बाळ असेल तर जेंटामायसिन ३ मिलिग्रॅम प्रति किलो. मेळघाटासारख्या भागात काही बाळांच्या पोटावर डागण्या दिसतात. त्या दिसल्या की आईला रागावू नका. त्या खुणा सांगतात की पोट काही दिवसांपासून फुगलेलं होतं आणि घरच्यांना ते गंभीर वाटलं होतं. हा इतिहास रागावल्यावर मिळत नाही.

आता खरी गुंतागुंत. जंतुदोष म्हणून पाठवलेल्या बाळांत तीन जण हमखास लपलेले असतात.

पहिलं हृदय. गर्भात फुप्फुसांना वळसा घालून रक्त नेणारी एक वाहिनी जन्मानंतर काही दिवसांत आपोआप मिटते. ज्या बाळाची महाधमनी अरुंद आहे किंवा हृदयाची डावी बाजू वाढलेलीच नाही, त्याचं अर्धं शरीर त्या वाहिनीवर जगत असतं. म्हणून जन्मल्यावर छान रडलेलं, दूध प्यालेलं, घरी गेलेलं बाळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही अचानक राखाडी पडतं. मर्मर (हृदयाचा जादा आवाज) ऐकू येईलच असं नाही. दोन्ही जांघांतल्या नाड्या शोधा आणि त्याच वेळी उजव्या हाताची नाडी धरून तुलना करा. हातात लागते आणि जांघेत लागत नाही, एवढं एक निरीक्षण पुष्कळ आहे. पल्स ऑक्सिमीटर उजव्या हाताला आणि एका पायाला लावा. कुठेही ९० च्या खाली, दोन्हीकडे ९५ च्या खाली, किंवा दोघांत ३ पेक्षा जास्त फरक, यातलं काहीही आलं तर हृदय तपासल्याशिवाय बाळ घरी जाऊ नये. मात्र आकडे चांगले आले तरी अरुंद महाधमनी निसटू शकते, म्हणून जांघेची नाडी टाळू नका. इथे मोठी चूक होते ती सलाईनची. बाळ शॉकमध्ये आहे, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही, म्हणून २० मिलिलिटर प्रति किलो, पुन्हा २० असं देत गेलं की कमकुवत हृदय बुडतं. १० मिलिलिटर प्रति किलो सावकाश द्या, आणि प्रत्येक वेळी यकृत खाली उतरलं का, छातीत बुडबुडे आले का ते बघा. ऑक्सिजन द्या, पण आकडा १००वर नेण्याच्या मागे लागू नका. जास्त ऑक्सिजनने ती वाहिनी आणखी लवकर मिटते. उपाय आहे प्रोस्टाग्लँडिन ई-१ चं ठिबक, ०.०५ ते ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. त्याने श्वास थांबू शकतो, म्हणून ते श्वास देण्याची तयारी असलेल्या ठिकाणीच. पाठवताना फोनवर ‘प्रोस्टाग्लँडिन आहे का?’ हे आधी विचारा. आणि अँटिबायोटिकही द्या. पहिल्या तासात जंतुदोष नाहीच असं कुणी सांगू शकत नाही.

दुसरी अ‍ॅड्रिनल ग्रंथी. जन्मजात अ‍ॅड्रिनल हायपरप्लेसियात शरीर मीठ धरून ठेवू शकत नाही. पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात उलट्या, वजन घटणं, शॉक. मुलीत बाह्य जननेंद्रियं वेगळी दिसल्याने संशय लवकर येतो. मुलगा मात्र अगदी नेहमीसारखा दिसतो, आणि म्हणून दगावतो तो बहुधा मुलगाच. आपल्याकडे टाचेच्या रक्ताची तपासणी सरसकट होत नाही, त्यामुळे ही जबाबदारी तुमच्या डोळ्यांवर. अंडकोशाची पिशवी आणि स्तनाग्रं वाजवीपेक्षा काळसर आहेत का बघा. सोडियम कमी, पोटॅशियम वाढलेलं, साखर कमी, ही त्रयी दिसली की निदान जवळपास झालं. उलट्यांमुळे हे जठराचं तोंड आवळल्यासारखं वाटतं, पण तिथे पोटॅशियम आणि क्लोराइड कमी असतं. शॉकमधल्या बाळाला नॉर्मल सलाईन, डेक्स्ट्रोज आणि हायड्रोकॉर्टिसोन २५ मिलिग्रॅम शिरेतून किंवा स्नायूत द्या. रिपोर्टसाठी थांबू नका. हा एक डोस चुकून दिला तर नुकसान नगण्य, न दिला तर बाळ जातं. पोटॅशियम असलेलं सलाईन मात्र चालवू नका.

तिसरा चयापचयाचा जन्मजात दोष. बाळ दोन-तीन दिवस उत्तम, दूध नीट सुरू झाल्यावर मलूल. श्वास जोरात आणि खोल, पण बरगड्या आत ओढल्या जात नाहीत, छाती स्वच्छ, सॅच्युरेशन ९८. हा श्वास फुप्फुसाचा नाही, रक्तातल्या आम्लाचा किंवा अमोनियाचा आहे. इथे घरातला एक प्रश्न रिपोर्टइतका मोलाचा: आधीचं एखादं बाळ असंच पहिल्या महिन्यात गेलं का? आणि नवरा-बायको नात्यातले आहेत का? आतेभाऊ-मामेबहिणीची लग्नं आपल्याकडे कमी नाहीत. लोक आपणहून सांगत नाहीत, पण नीट विचारलं तर सांगतात. दूध तात्पुरतं थांबवायचं, १० टक्के डेक्स्ट्रोज चालू करायचं आणि अमोनियाची तपासणी होईल अशा ठिकाणी लगेच पाठवायचं. यातल्या काही बाळांत खरोखरचा जंतुदोषही सोबत असतो. त्यामुळे ‘रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडले, निदान झालं’ म्हणून फाइल बंद करू नका.

उलटीचा रंग ही वेगळीच बाब आहे आणि तिला विलंब अजिबात चालत नाही. तान्ह्या बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ, असं तोपर्यंत मानायचं जोपर्यंत दुसरं काही सिद्ध होत नाही. पीळ पडलेलं आतडं काही तासांत मरतं. फसवं असं की सुरुवातीला पोट मऊ असतं, फुगलेलं नसतं, शीसुद्धा झालेली असू शकते आणि एक्स-रे साधा दिसू शकतो. पोट कडक होऊन रक्त पडेपर्यंत थांबलात तर आतडं गेलेलं असतं. ‘हिरवी’ म्हणजे काय, हे दहा घरांत दहा प्रकारे सांगतात. कुणी गडद हिरव्याला ‘पिवळी’ म्हणतं. म्हणून ओकारीचं फडकं मागून स्वतः बघा. मेथीच्या पानासारखा रंग असेल तर तोंडाने काही देऊ नका, नाकातून नळी टाकून पोट मोकळं करा, ठिबक लावा, आणि जिथे लहान मुलांचे शल्यचिकित्सक आहेत तिथेच थेट पाठवा. मधल्या रुग्णालयात एक मुक्काम म्हणजे तेवढे तास वाया.

कावीळ. ‘कोवळ्या उन्हात धरा, जाईल’ हा सल्ला पहिल्या आठवड्यापुरताही पुरेसा नाही; पंधराव्या दिवशी तर तो घातकच. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ १४ दिवसांनंतर टिकली, तर एकूण बिलिरुबिनसोबत ‘डायरेक्ट’ बिलिरुबिन करा आणि शी स्वतः बघा. शी शाडूच्या मातीसारखी पांढुरकी आणि लघवीने लंगोट पिवळा होत असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता आहे. निरोगी तान्ह्या बाळाची लघवी लंगोटावर डाग सोडत नाही. ‘कसाई’ (Kasai) नावाची शस्त्रक्रिया, ज्यात आतडं थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून देतात, साठ दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली, पुढे ती उतरत जाते. ही बाळं गुटगुटीत असतात, हसतात, वजनही वाढतं. त्यामुळे लसीकरणाला आलेल्या सहाव्या आठवड्याच्या बाळाचे डोळे आणि लंगोट बघण्याची सवय लावून घ्या.

याच आजाराचं दुसरं रूप ओळखायला अवघड आहे. पित्त आतड्यात पोचत नाही म्हणून व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, आणि बाळ पहिल्यांदा समोर येतं ते डोक्यात रक्तस्राव घेऊन. दोन आठवडे ते तीन महिन्यांचं, अंगावर पिणारं बाळ. अचानक पांढरंफटक, उलटी, किंचाळून रडणं, टाळू वर आलेली, आकडी. घरी प्रसूती होऊन जन्मतःचं व्हिटॅमिन केचं इंजेक्शन राहिलेलं असेल तर कावीळ नसतानाही हेच होतं. आधीच्या आठवड्यात बेंबीतून किंवा नाकातून थोडंसं रक्त आलेलं असतं आणि ते कुणी मनावर घेतलेलं नसतं. असा थेंबभर रक्तस्राव या वयात कधीच ‘साधा’ धरू नका. संशय आला की व्हिटॅमिन के १ मिलिग्रॅम शिरेतून सावकाश द्या, आणि रक्त तपासणीचा नमुना त्याआधी काढता आला तर काढा. मांडीत दुसरं कोणतंही इंजेक्शन टोचू नका. जखमेचा इतिहास नाही, इंजेक्शन मिळालेलं होतं आणि तरी डोक्यात रक्त आहे, तर बाळाला कुणी जोरात हलवलं किंवा आपटलं का, हा प्रश्नही तपासात आलाच पाहिजे.

आकडी म्हणजे मेंदूज्वर, हेही दर वेळी खरं नसतं. दोन-चार महिन्यांचं बाळ, ताप नाही, दिवसातून आठ-दहा आकड्या, आणि दोन आकड्यांच्या मध्ये चक्क हसतंय, दूध पितंय. हे जुळत नाही. मेंदूला संसर्ग झालेलं बाळ मधल्या वेळात असं ताजं नसतं. कॅल्शियम बघा. आईला ऊन नाही, बाळाला व्हिटॅमिन डीचे थेंब नाहीत, ही आपल्या शहरांतली आणि खेड्यांतलीही नेहमीची स्थिती आहे. याच कमतरतेने काही बाळांचा घसा आवळतो, आणि काहींचं हृदय फुगून निकामी व्हायला लागतं. ते हृदय कॅल्शियमने पूर्ववत होऊ शकतं, म्हणून ते शोधणं इतकं महत्त्वाचं. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १ ते २ मिलिलिटर प्रति किलो, तेवढ्याच डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून दहा मिनिटांत, ठोके ऐकत ऐकत. ठोके मंदावले की थांबा. शीर पक्की आहे ना हे दोनदा बघा. बाहेर गळलं तर कातडी जळते. फेनोबार्बिटोनवर फेनोबार्बिटोन (आकडीचं नेहमीचं औषध) देऊन ही आकडी थांबत नाही. प्रतिबंध मात्र साधा आहे: रोज ४०० युनिट व्हिटॅमिन डी, पहिलं वर्षभर.

व्हिटॅमिन बी-१२ च्या कमतरतेची गोष्ट वेगळी, ती हळूहळू घडते. आई शुद्ध शाकाहारी, दूधदुभतंही बेताचं, बाळ आठ-दहा महिन्यांचं आणि अजून जवळजवळ नुसतं अंगावर. बसायला लागलेलं बाळ बसेनासं होतं, हसणं थांबतं, बोटांची पेरं काळवंडतात, केस विरळ आणि तांबूस, चेहरा फिका, आणि मग हातांना थरथर, जी झोपेत थांबते. बाळ गुबगुबीत दिसल्यामुळे ‘कुपोषण’ कुणाच्या मनात येत नाही. बी-१२ सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत थरथर वाढू शकते, हे घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर औषध बंद करतात. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड देऊ नका. आईलाही उपचार द्या.

सहा महिन्यांच्या आसपासचं धष्टपुष्ट बाळ, थांबून थांबून कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, मध्ये शांत होतं. आतड्यात आतडं शिरल्याचं हे पुस्तकी चित्र. पण काही बाळं रडतच नाहीत. ती नुसती निस्तेज, झोपाळलेली, हाक मारली तरी न बघणारी होतात, आणि आपण मेंदूच्या मागे लागतो. कारण न समजलेल्या मलूलपणात पोट चाचपा आणि सोनोग्राफी सांगा. शीत रक्त-चिकट आलं की ‘आव पडलीय’ म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं, ही दुसरी नेहमीची चूक. आवेच्या मुलाला बहुधा ताप आणि वारंवार शी असते. इथे उलट्या ठळक आणि शी नुसती लाल, जेलीसारखी. वेळेत सापडलं तर हवा किंवा सलाईन गुदद्वारातून दाबाने सोडून आतडं जागेवर येतं, शस्त्रक्रिया लागत नाही.

आता सहा वर्षांची मुलगी, नुसतं पोट दुखतंय.

तिची साखर तपासा. पहिल्यांदाच समोर येणारा टाइप १ मधुमेह बऱ्याचदा पोटदुखी, उलट्या आणि जोरात श्वास अशा वेषात येतो. कुणी अपेंडिक्स म्हणतं, कुणी दमा म्हणून नेब्युलायझर आणि स्टिरॉइड देतं, ज्याने साखर आणखी चढते. विसंगती इथे ढळढळीत असते: जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, आणि तरी लघवी भरपूर. खरं जुलाबाचं सुकलेलं मूल लघवी करत नाही. विचारा: रात्री अंथरूण ओलं करायला पुन्हा लागली का? लघवीच्या जागी मुंग्या लागतात का? उपचारात घाई नको. पहिल्या तासात नॉर्मल सलाईन १० मिलिलिटर प्रति किलो, इन्सुलिन त्यानंतर, ०.०५ ते ०.१ युनिट प्रति किलो प्रति तास, तेही पोटॅशियम बघून. सुरुवातीलाच इन्सुलिनचं मोठं इंजेक्शन आणि सोडा-बायकार्ब देणं, या दोन गोष्टींनी मेंदूला सूज येण्याचा धोका वाढतो.

साखर ठीक असेल आणि पावसाळ्याचे दिवस असतील, तर विचारा की ती रात्री जमिनीवर झोपली होती का. मण्यार रात्री झोपेत चावते, दंश जवळजवळ दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही अनेकदा सापडत नाही. मूल पहाटे पोटदुखी आणि उलटीने उठतं, घसा दुखतो म्हणतं, आणि घरचे ‘काल काहीतरी बाहेरचं खाल्लं’ म्हणतात. छताकडे एक मिनिट बघत राहायला सांगा. पापण्या खाली यायला लागल्या तर निदान हातात आलं. उशीवरून मान उचलता येते का, एका श्वासात किती आकडे म्हणता येतात, हे दर पंधरा मिनिटांनी नोंदवा. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी मण्यारीत साधारण ठीकच येते, तिच्यावर विसंबून मूल घरी पाठवू नका. सर्पविष प्रतिबंधक लस दहा कुप्या, मोठ्यांइतकीच. साप मुलाचं वजन बघून विष सोडत नाही. लस दिल्यावरही श्वास थांबू शकतो, तेव्हा अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) उशाशी ठेवा. आणि एक लक्षात ठेवा: मण्यारीचं मूल हलत नाही, डोळे उघडत नाही, बाहुल्यासुद्धा स्थिर राहतात, पण आत शुद्ध असू शकते. त्याला मेंदू-मृत ठरवू नका. श्वास देत राहिलं तर ते काही दिवसांत उठून बसतं.

कोकणात आणि इतरत्र लाल विंचवाचंही असंच. दीड वर्षाचं बाळ काय चावलं सांगू शकत नाही. अचानक किंचाळणं, घामाने चिंब, लाळ, उलटी, हातपाय गार, मुलाचं लिंग ताठ. काही तासांनी फुप्फुसात पाणी. ‘न्यूमोनिया’ एका तासात असा होत नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अनेक वर्षांच्या कामातून रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिनचा उपयोग रूढ केला: ३० मायक्रोग्रॅम प्रति किलो तोंडाने, साधी गोळी, हळू विरघळणारी नव्हे; हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी. मुलाला आडवंच ठेवा, उचलून उभं करू नका, रक्तदाब घसरतो. अट्रोपिन टाळा. अशाच अचानक आलेल्या आकडीत, धडधाकट चालणाऱ्या मुलाच्या तोंडाचा वास घ्या. देवघरातला कापूर खाल्लेला असतो.

पोटदुखीतलं तिसरं कारण हृदय. हृदयाच्या स्नायूला विषाणूने सूज आली की मूल उलट्या आणि पोटदुखीच सांगतं, कारण यकृत ताणलं जातं. जुलाब नाहीत, नाडीचा वेग तापाच्या मानाने फारच जास्त, आणि झोपेतही तो उतरत नाही. सलाईन लावल्यावर मूल सुधारण्याऐवजी धापा टाकू लागलं तर ठिबक बंद करा आणि यकृत चाचपा. तान्ह्या बाळात नाडी २२० च्या वर, घड्याळासारखी एकसारखी आणि रडताना-झोपताना न बदलणारी असेल, तर ती हृदयाच्या विजेच्या जोडणीतली गडबड. पिशवीत बर्फ आणि पाणी भरून कपाळ आणि नाकाच्या वरच्या भागावर १५ ते २० सेकंद धरा, नाकपुड्या मोकळ्या ठेवून. डोळे दाबू नका. नाही उतरली तर अ‍ॅडेनोसिन ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो, वेगाने.

मुलगा पोट दुखतंय म्हणाला तर चड्डी उतरवून बघा. वृषणाचा पीळ पोटदुखी म्हणूनच येतो, आणि लाजून मुलगा सांगत नाही. सहा तासांच्या आत सोडवला तर वृषण बहुधा वाचतं. उजव्या फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया अपेंडिक्ससारखा दुखतो, म्हणून पोटाच्या प्रत्येक तक्रारीत श्वास मोजा. आणि डेंग्यूच्या दिवसांत ताप उतरल्याचा आनंद करण्याआधी मुलाकडे बघा. तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरताना पोट दुखणं, उलट्या, हातपाय गार आणि सुस्ती आली, तर रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर गळतंय. प्लेटलेटच्या आकड्यापेक्षा वाढता हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) इथे जास्त सांगतो.

शेवटी पाठवणीबद्दल, कारण बरंचसं नुकसान रुग्णवाहिकेत होतं. १०८ बोलावली की पुढच्या रुग्णालयाला फोन करून नेमकं काय हवंय ते विचारा: प्रोस्टाग्लँडिन, शल्यचिकित्सक, व्हेंटिलेटर, अमोनियाची तपासणी. तान्ह्याला टोपी घालून आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधा, वरून पांघरूण घाला. पाण्याच्या गरम बाटल्या नकोत, भाजतं. निघताना आणि वाटेत दर अर्ध्या तासाने साखर तपासायला सोबतच्या परिचारिकेला सांगा. चिठ्ठीवर ‘सेप्सिस?’ एवढंच लिहू नका. दूध कधीपासून सोडलं, श्वास, नाडी, तापमान, साखर, हात-पायाचं सॅच्युरेशन, जांघेची नाडी लागली की नाही, यकृत किती बोटं, काय दिलं आणि किती वाजता, आणि सगळ्यात वर एका ओळीत: काय जुळत नाही. ओकारीचं फडकं आणि लंगोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आजीच्या हातात द्या, आणि तिला सांगा की तिथल्या डॉक्टरांना हे आधी दाखवायचं.